विमान देखभालीत नव्याने येणाऱ्यांसाठी: गैरसमजातून होणाऱ्या चुका टाळण्याची कार्यपद्धती

प्रशिक्षण पूर्ण करून हँगरमध्ये किंवा लाइनवर (दोन उड्डाणांमध्ये विमाने उभी असतात तिथे) पहिल्यांदा कामाला उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाला बोल्ट कसा आवळावा, सील कसे बसवावे, लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) कशी ओवावी हे बहुतेक वेळा चांगले येत असते. हातातले काम दुसऱ्याकडून आपल्यापर्यंत कसे आले आणि आपल्याकडून तिसऱ्याकडे कसे जाणार आहे, हे मात्र त्याला कोणी नीट शिकवलेले नसते. देखभालीतील चुकांमुळे झालेल्या अपघातांचे अहवाल वाचत गेल्यास लक्षात येते की हातातले कौशल्य कमी पडल्यामुळे घात झाला असे क्वचितच घडते. एकाने सांगितले आणि दुसऱ्यापर्यंत ते पोहोचले नाही, एकाने लिहिले पण दुसऱ्याचे वाचून झाल्यावर लिहिले, किंवा ‘त्याने केलेच असेल’ असे दोघेही एकमेकांबद्दल धरून चालले, अशा जागी बहुतेक चुका जन्म घेतात.

जवळपास प्रत्येक हँगरच्या भिंतीवर तुम्हाला मानवी चुकांच्या बारा कारणांची यादी टांगलेली दिसेल. कॅनडाच्या परिवहन विभागात काम करणाऱ्या गॉर्डन ड्युपाँट यांनी ती १९९३ मध्ये मांडली. संवादाचा अभाव, लक्ष विचलित होणे, थकवा, कामाचा दबाव, अपुरे ज्ञान, चुकीच्या रूढ सवयी अशी कारणे तिच्यात आहेत. यादी उत्तम आहे, परंतु ती पाठ केल्याने काम सुरक्षित होत नाही. प्रत्येक कारणासाठी हाताने करण्याची एखादी ठरलेली कृती असावी लागते. पुढे त्या कृती कामाच्या क्रमाने दिल्या आहेत. तुमच्या संस्थेची मंजूर कार्यपद्धती नेहमी प्रमाण मानावी. या सूचना तिला पर्याय म्हणून दिलेल्या नाहीत, ती पाळताना लक्ष कुठे ठेवायचे हे सांगण्यासाठी दिलेल्या आहेत.

काम सुरू करण्याआधी जवळ काय असावे

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी हव्यात: त्या कामाचे टास्क कार्ड (पायऱ्या आणि सह्यांचे पत्रक), मेंटेनन्स मॅन्युअलचा त्या विमानाला लागू असलेला चालू आवृत्तीचा भाग, सुट्या भागांचा सचित्र कॅटलॉग, विमानाचे टेक्निकल लॉगबुक आणि आधीच्या पाळीची हँडओव्हर नोंद (काम सोपवतानाची नोंद). साधनांमध्ये मुदतीत कॅलिब्रेट केलेला टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना), नोंद करून घेतलेले टूल किट, चांगला टॉर्च, तपासणीचा आरसा, सर्किट ब्रेकरला आणि कंट्रोलला (विमान वळवण्याच्या यंत्रणेला) लावायचे इशाऱ्याचे टॅग, आणि अर्धवट काम दाखवण्यासाठी ठळक रंगाच्या फिती लागतात. खिशात छोटी वही ठेवायला हरकत नाही, मात्र तिच्यातील टॉर्कचे आकडे पाहून काम करू नये. मॅन्युअलची आवृत्ती बदलते, वही बदलत नाही.

१. नेमके कोणते विमान, कोणती बाजू, कोणते काम हे आधी पक्के करा

ही पायरी इतकी साधी वाटते की अनुभवी माणसेही ती गाळतात. २४ मे २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ऑस्लोला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या एअरबस ए३१९ विमानाच्या दोन्ही इंजिनांवरील फॅन काउलची (बाहेरील आवरणाची) दारे उड्डाणाच्या वेळी तुटून गेली, इंधन गळू लागले आणि परतताना उजव्या इंजिनाला आग लागली. विमान सुखरूप उतरले. तपासात असे दिसले की आदल्या रात्री तंत्रज्ञांनी इंजिनातील जनरेटरच्या तेलाची पातळी पाहण्यासाठी दारे उघडली होती आणि तेल भरण्याचे साहित्य आणण्यासाठी ती न अडकवताच तात्पुरती टेकवून ठेवली होती. साहित्य घेऊन ते परतले ते दुसऱ्याच विमानाजवळ. तिथली दारे बंद दिसली, तेव्हा कोणा सहकाऱ्याने ती बंद केली असावीत असे समजून ते पुढच्या कामाला लागले.

यातील शेवटचा भाग नीट ध्यानात घ्या. आपण सोडले त्याहून वेगळे काही दिसले, तर ‘कोणीतरी केले असेल’ हे उत्तर मनाला लगेच पटते. अशा वेळी काम थांबवावे, विमानाचा नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचावा, तो कार्डवरील क्रमांकाशी जुळवावा आणि ज्याने केले असे वाटते त्यालाच विचारावे. एकाच जातीची चार विमाने रात्री रांगेत उभी असताना स्टँडचा क्रमांक लक्षात ठेवून चालत नाही, प्रत्येक वेळी परतल्यावर नोंदणी क्रमांकच पाहावा लागतो.

डावे-उजवे नेहमी वैमानिकाच्या आसनात पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचे धरायचे. इंजिनांचे क्रमांकही त्याच्या डावीकडून सुरू होतात. विमानासमोर उभे राहून बोट दाखवत ‘उजवीकडचे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात अगदी उलटी बाजू उभी राहू शकते. म्हणून बाजूबरोबर इंजिनाचा क्रमांकही सांगा.

२. मॅन्युअल समोर उघडे ठेवून काम करा, आठवणीतून नाही

मॅन्युअलमध्ये सर्वप्रथम तो भाग तुमच्या विमानाला लागू आहे का ते पाहा. एकाच मॉडेलच्या दोन विमानांत बदल केलेले असू शकतात आणि त्यांची कार्यपद्धती वेगळी असू शकते. त्यानंतर संपूर्ण काम शेवटपर्यंत एकदा वाचा. धोक्याच्या सूचना संबंधित पायरीच्या आधी छापलेल्या असतात, आणि केवळ पायऱ्यांवर नजर टाकणाऱ्याच्या त्याच सुटतात.

मॅन्युअलची इंग्रजी भाषा मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते. एएसडी-एसटीई१०० या मानकानुसार एका शब्दाचा एकच अर्थ ठरवलेला असतो आणि कृती सांगणारे वाक्य २० शब्दांच्या पुढे जाऊ नये असा नियम आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा आपल्यासारख्या वाचकांसाठी ही मोठी सोय आहे. आपसात आपण आपल्या भाषेत बोलतो आणि ते स्वाभाविकच आहे, मात्र आकडा, पार्ट नंबर आणि कृतीचे नाव मॅन्युअलमध्ये आहे तसेच उच्चारावे. त्यांचा सैल भाषेत सारांश सांगू नये.

पायऱ्या गाळण्याचा मोह नवख्याला सहसा होत नाही, त्याला शिकवणाऱ्याला होतो. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे एअर मिडवेस्टचे बीचक्राफ्ट १९००डी विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील सर्व २१ जण मरण पावले. विमानाचा वजनाचा तोल मागे गेलेला होता, आणि काही दिवसांपूर्वीच्या देखभालीत एलिव्हेटरच्या (शेपटीवरील, नाक वर-खाली करणाऱ्या फळीच्या) केबल चुकीच्या जुळवल्या गेल्याने नाक खाली आणण्याची त्याची हालचाल सुमारे निम्म्यावर आली होती. ते जुळवणीचे काम तो मेकॅनिक या विमानावर प्रथमच करत होता. त्याला शिकवणाऱ्या इन्स्पेक्टरने काही पायऱ्या आवश्यक नाहीत असे मानून त्या गाळू दिल्या, आणि त्या कामाची तपासणीही त्यानेच केली. म्हणून शिकवणारा ‘ही पायरी सोडली तरी चालते’ असे म्हणाला, तर नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा, ‘सर, हे मॅन्युअलमध्ये कुठे लिहिले आहे?’ उत्तर मिळाले तर तुम्ही काही शिकलात, आणि मिळाले नाही तर पायरी करायची.

३. सुटा भाग क्रमांकाने ओळखा, नजरेने नाही

या विषयात एक घटना मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला तपशिलाने सांगतो, कारण तिच्यात चुकीची प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर समजण्यासारखी वाटते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी १-११ विमान बर्मिंगहॅमहून मालागाकडे जात असताना १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या बाजूची काच उखडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले. कॅप्टन वाचले.

ती काच २७ तासांपूर्वी बदललेली होती. पाळीच्या व्यवस्थापकाने स्वतः रात्री हे काम केले. जुने बोल्ट काढून त्यांच्याशी नजरेने जुळवून त्याने नवे बोल्ट निवडायचे ठरवले. मुळात ते जुने बोल्टच चुकीचे होते. काचेला ए२११-८डी क्रमांकाचे बोल्ट लागत असताना तिथे आधीपासून ए२११-७डी हे थोडे आखूड बोल्ट बसवलेले होते. स्टोअर्समधील माणसाने या कामासाठी ८डी लागतात असे सांगितलेही होते, परंतु त्या बोलण्याचा पाठपुरावा झाला नाही. मंद प्रकाशातील दुसऱ्या ठिकाणच्या कप्प्यांतून जे बोल्ट घेतले गेले ते ८सी निघाले. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंच कमी होता आणि उरलेले सहा आखूड होते. डोके खाचेत अधिक खोल बसत होते, पण काम करण्याची जागा अवघडलेली असल्याने ते नीट दिसले नाही. काच बदलण्याच्या कामाला त्या वेळी दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणीही बंधनकारक नव्हती.

यावरून काढायचा क्रम असा. पार्ट नंबर कॅटलॉगमधून काढा आणि तो त्याच विमानाला लागू आहे हे पाहा. काढलेल्या भागावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून बघा. दोन्हींत फरक असेल तर आधी फरकाचे कारण शोधा, ‘इतकी वर्षे हेच होते’ हे कारण होत नाही. कप्प्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, पाकिटावरील क्रमांक आणि सोबतचे प्रमाणपत्र पाहा. आणि स्टोअर्समधल्या माणसाने एखादी शंका बोलून दाखवली, तर त्याच्यासमोरच कॅटलॉग उघडा. तो दिवसभर हेच भाग हाताळत असतो आणि त्याचे बोलणे ही फुकट मिळालेली तपासणी असते.

४. सांगितलेले परत म्हणून दाखवा

तोंडी सूचना मिळाली की ती आपल्या शब्दांत परत सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. सुरुवातीला यात संकोच वाटतो, वरिष्ठांना आपण मंद वाटू अशी भीती असते. चांगला वरिष्ठ याने कधीही रागावत नाही. जो रागावेल त्याच्यासमोर तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण त्याच्या हाताखालचे बाकीचे लोक विचारायचे सोडून देत असतात.

सर्वात घातक प्रश्न ‘झालं का?’ हा आहे आणि सर्वात घातक उत्तर ‘हो, झालं’. बोल्ट हाताने बसवले, टॉर्क दिला, लॉकवायर केली की तपासून घेतले, यातले काय झाले ते त्यातून कळत नाही. उत्तर नेहमी अवस्थेसह द्या: ‘आठही बोल्ट बसवले, टॉर्क चार नंबरपर्यंत दिला, लॉकवायर बाकी आहे.’ असे उत्तर देणाऱ्याला काही सेकंद जास्त लागतात आणि ऐकणाऱ्याला काहीही गृहीत धरावे लागत नाही.

आकड्याबरोबर एकक उच्चारल्याशिवाय आकडा पूर्ण झाला असे समजू नका. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारा पटींचा फरक आहे, आणि न्यूटन-मीटरमध्ये आखणी असलेला रेंच हाती आला तर तिसराच घोळ होतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चे इंधन हवेतच संपले आणि ते कॅनडातील गिमली येथील जुन्या धावपट्टीवर इंजिनांविना उतरवावे लागले. त्यामागे एककांचाच गोंधळ होता. विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरचे वजनात रूपांतर करताना १.७७ हा आकडा वापरला गेला, जो प्रतिलिटर पाउंडांचा होता. किलोग्रॅमसाठी तो ०.८ च्या आसपास असायला हवा होता. हिशेब एकाहून अधिक जणांनी केला, पण सर्वांच्या हिशेबात तोच आकडा होता. दुसऱ्याने तपासायचे असेल तर त्याने मूळ आकड्यापासून स्वतंत्र सुरुवात करावी, पहिल्याच्या कागदावरून नजर फिरवू नये.

हायड्रॉलिक दाब किंवा वीज चालू करण्याआधी, आणि कंट्रोल हलवण्याआधी, बाहेरच्या माणसाशी हेडसेटवर संपर्क ठेवा. ‘क्लिअर’ असे उत्तर त्याच्याकडून ऐकू आल्याशिवाय काहीही हलवू नका. संपर्क तुटला की हालचाल तिथेच थांबवायची. इथे चूक झाली तर विमानाआधी माणूस जखमी होतो.

५. कामात व्यत्यय आला तर तीन पायऱ्या मागे जा

फोन येतो, दुसऱ्या विमानावर मदतीला बोलावले जाते, इंधनवाला येऊन काही विचारतो. परत आल्यावर मन आपण होते त्याच्या एक-दोन पायऱ्या पुढे असते, कारण उठण्याच्या क्षणी आपण पुढच्या पायरीचाच विचार करत असतो. म्हणून परतल्यावर जिथे होतो असे वाटते त्याच्या तीन पायऱ्या मागून तपासत यावे. उठण्याआधी शक्य असल्यास हातातली पायरी पूर्ण करावी. नसेल तर सैल बोल्ट सैल आहे हे लांबून दिसेल अशी फीत लावून कार्डवर खूण करावी.

वरच्या गिमली प्रकरणातच याचे उदाहरण आहे. त्या विमानाच्या इंधनमापक यंत्रणेत दोष होता, म्हणून एका तंत्रज्ञाने एक सर्किट ब्रेकर ओढून त्याला टॅग लावला होता. त्यामुळे मापक चालत होते. माँट्रियलमध्ये दुसऱ्या तंत्रज्ञाने चाचणीसाठी तो ब्रेकर पुन्हा आत दाबला, तेवढ्यात त्याचे लक्ष दुसरीकडे गेले, आणि ब्रेकर परत ओढायचा राहिला. टॅग मात्र तसाच लटकत होता. टॅग काय सांगतो आणि ब्रेकर प्रत्यक्षात कुठे आहे या दोन गोष्टी बोट लावून स्वतंत्रपणे पाहायच्या असतात. दुसऱ्याने लावलेला टॅग त्याला विचारल्याशिवाय काढू नये, त्याखालचा ब्रेकर तर मुळीच हलवू नये.

६. पाळी बदलताना अर्धवट काम लेखी द्या आणि विमानाजवळ उभे राहून द्या

एकच पायरी काटेकोर पाळण्याची ताकद तुमच्यात असेल तर ती ही पाळा. ११ सप्टेंबर १९९१ रोजी कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचे एम्ब्रेअर १२० विमान टेक्सासमधील ईगल लेकजवळ कोसळले आणि १४ जण मरण पावले. शेपटीवरील आडव्या पंखाच्या डाव्या बाजूची पुढची कड हवेत निसटून गेली होती, कारण तिच्या वरच्या बाजूचे ४७ स्क्रू जागेवर नव्हते.

आदल्या रात्री त्या पंखाच्या दोन्ही बाजूंची बर्फरोधक रबरी आवरणे बदलायची होती. दुसऱ्या पाळीत एक इन्स्पेक्टर मदतीला वर चढला आणि त्याने डाव्या बाजूच्या वरच्या कडेचे स्क्रू काढले. पाळी संपेपर्यंत काम उजव्या बाजूचेच पुढे गेले. तिसऱ्या पाळीने उजवे आवरण बदलले, आणि डाव्या बाजूला अजून कोणाचा हातच लागलेला नाही असे समजून ती बाजू तशीच ठेवली. खालून पाहिले तर वरचे स्क्रू नाहीत हे दिसत नाही. तिसऱ्या पाळीचा इन्स्पेक्टर लवकर आला होता आणि त्याने हँडओव्हरची वही वाचलीही, पण तोपर्यंत आधीच्या इन्स्पेक्टरने आपली नोंद लिहिलेली नव्हती. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या लोकांना तोंडी काही ना काही सांगितले होते, मात्र ‘डाव्या बाजूचे वरचे स्क्रू काढलेले आहेत’ हे एक वाक्य ज्याला कळायला हवे होते त्याच्यापर्यंत पोहोचले नाही.

या प्रकरणात कोणीही आळशी नव्हते. मदतीला धावून जाणे हा चांगला गुण आहे, परंतु मदत करताना काढलेला स्क्रूही कार्डवर चढवावा लागतो, आणि इन्स्पेक्टरने स्वतः हाताने काम केले की त्या कामावरची त्याची नजर तपासणाऱ्याची राहत नाही.

हँडओव्हर करताना पुढील रीत पाळा. काढताच लिहा, पाळीच्या शेवटी आठवून लिहू नका. काय केले यापेक्षा काय उघडे, सैल, काढलेले किंवा जोडायचे बाकी आहे ते आधी लिहा, कारण पुढच्या माणसाला त्याचाच धोका असतो. एका कार्डावर दोन बाजूंचे काम असेल तर बाजू वेगळ्या ओळींत लिहा. मग पुढच्या पाळीच्या माणसाला विमानाजवळ नेऊन, नोंद हातात धरून, प्रत्येक उघडी जागा बोटाने दाखवा आणि त्याला ती परत सांगायला लावा. समोरचा घाईत असेल तर त्याला थांबवून घ्या. तुम्ही पाळी घेणारे असाल तर नोंद वाचल्याची वेळ तिच्याखाली लिहा आणि काम सुरू करण्याच्या क्षणी वही पुन्हा एकदा पाहा. वाचल्यानंतर काही भर पडली असेल तर ती तेव्हाच सापडते.

काढलेले स्क्रू पिशवीत भरून, त्यावर विमानाचा क्रमांक आणि नेमकी जागा लिहून, पिशवी त्याच जागेजवळ बांधून ठेवा. दूरच्या बाकावर पडलेली बिननावाची पिशवी पुढच्या माणसाला काहीच सांगत नाही.

७. रात्रीच्या पाळीत अवघड काम पुढे ओढा

पहाटे सुमारे दोन ते सहा या वेळेत माणसाचे शरीर सर्वाधिक मंदावलेले असते. इच्छाशक्तीने त्यात फार फरक पडत नाही. शक्य असेल तेव्हा कंट्रोलची जुळवणी, बारीक भेगांची तपासणी आणि गुंतागुंतीची जोडणी या वेळेच्या आधी उरकावी किंवा सकाळच्या पाळीकडे द्यावी. थकलेला माणूस स्वतःचा थकवा मोजू शकत नाही. एकच ओळ दोनदा वाचावी लागू लागली की सहकाऱ्याला सांगून थांबा.

८. स्वतंत्र तपासणी खरोखर स्वतंत्र असू द्या

फ्लाइट कंट्रोलसारख्या कामांवर दुसऱ्या पात्र व्यक्तीची तपासणी लागते. त्या व्यक्तीला ‘सगळं बरोबर आहे, फक्त बघून घ्या’ असे म्हणू नका. कार्ड आणि मॅन्युअल तिच्या हाती द्या आणि तिला तिच्या क्रमाने पाहू द्या. कंट्रोलची चाचणी करताना हालचाल होते एवढे पुरेसे नाही, योग्य दिशेने होते का ते बाहेर उभ्या माणसाने शब्दांत सांगितले पाहिजे: वैमानिकाचे व्हील डावीकडे वळवल्यावर डावे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) वर आणि उजवे खाली गेले पाहिजे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये मोठ्या देखभालीनंतर उडालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर १९० विमानात एलेरॉनच्या केबल उलट बसल्या होत्या. वैमानिकांना बराच वेळ विमान आवरणे कठीण झाले आणि ते मोठ्या प्रयासाने बेजा येथे उतरले. उड्डाणापूर्वीच्या दिवसांत यंत्रणेने दोषाचा संदेश दाखवला होता आणि त्यावर बरेच कामही झाले होते, तरीही उलटी जोडणी लक्षात आली नाही.

याला जोडून आणखी एक नियम आहे. एकाच माणसाने एकाच पाळीत सर्व इंजिनांवर तेच काम करू नये. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सच्या एल-१०११ विमानाच्या तिन्ही इंजिनांतून तेल गळाले, कारण तिन्हींच्या चिप डिटेक्टरवर (तेलातील धातूचे कण पकडणाऱ्या भागावर) ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बसवलेल्याच नव्हत्या. एरवी मेकॅनिकना मिळणाऱ्या डिटेक्टरवर त्या आधीच चढवलेल्या असत, त्या रात्री मिळालेल्यांवर नव्हत्या. एक समज चुकीचा ठरला आणि तो तिन्ही इंजिनांवर सारखाच लागू झाला. तीन इंजिने असण्याची सारी सुरक्षितता त्यामुळे नाहीशी झाली. बंद पडलेले एक इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणून विमान मायामीला परत उतरू शकले.

९. बंद करण्याआधी मोजा आणि मूळ स्थितीत आणा

पॅनेल लावण्याआधी हत्यारे मोजून घ्या. एक जरी कमी असेल तरी ते सापडेपर्यंत विमान सोडता येत नाही, आणि ‘घरच्या पेटीत राहिले असेल’ हा तर्क चालत नाही. चाचणीसाठी हलवलेला प्रत्येक स्विच आणि ब्रेकर कार्डवर लिहा, म्हणजे परत आणताना यादी हाती असते. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये, रात्रीच्या दाबचाचणीनंतर केबिनच्या हवेच्या दाबाचा निवडस्विच ‘मॅन्युअल’वर राहिला. वैमानिकांच्या तपासण्यांतूनही तो निसटला आणि १२१ जण मरण पावले.

झाकण्यासाठी चिकटपट्टी वापरणे टाळा. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ च्या स्टॅटिक पोर्टवर (उंची आणि वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर) विमान धुताना लावलेली पट्टी तशीच राहिली. रात्री समुद्रावर वैमानिकांना खरी उंची आणि वेग कळेना, आणि ७० जण दगावले. या कामासाठी लाल फीत लटकणारी ठरलेली आवरणे असतात, तीच वापरा आणि लावतानाच लॉगबुकमध्ये चढवा. फॅन काउलच्या कड्या इंजिनाच्या पोटाशी असतात. त्या उभ्याने दिसत नाहीत, गुडघ्यावर बसून टॉर्च मारूनच पाहाव्यात.

१०. स्वतः पाहिलेल्यावरच सही करा

सही म्हणजे ‘हे काम या आवृत्तीच्या मॅन्युअलनुसार झाले आहे हे मला स्वतःला माहीत आहे’ असे विधान. प्रत्येक पायरीची सही त्या पायरीनंतर लगेच करावी. शेवटी सगळे रकाने एका दमात भरण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली असते आणि ती मला सर्वाधिक अस्वस्थ करते, कारण मग कार्ड अर्धवट काम दाखवण्याच्या कामाचे उरत नाही. दुसऱ्याने केलेल्या पायरीची सही त्यालाच करू द्या, तो घरी गेला असेल तरी.

विमान सुटण्याची वेळ जवळ आली की दबाव येतो. तो बहुधा आदेशाच्या रूपात येत नाही. ‘अजून किती वेळ?’ हा प्रश्न पाच वेगवेगळ्या माणसांकडून येतो. यावर उत्तर ठरवून ठेवा: काय उरले आहे, त्याला किती मिनिटे लागतील, आणि ते टाळता का येणार नाही. वाद घालण्यापेक्षा या तीन गोष्टी शांतपणे सांगितल्या तर बहुतेक वेळा वेळ मिळतो. मिळाला नाही तर सही रोखण्याचा अधिकार तुमचा आहे आणि ते प्रकरण लेखी वर पाठवा.

११. शंका आली तर तत्क्षणी कळवा

घरी पोहोचल्यावर एखादी स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) लावली की नाही अशी शंका मनात आली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच मेंटेनन्स कंट्रोलला फोन करा, विमानाचा नोंदणी क्रमांक, जागा आणि शंका सांगा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचे नाव व वेळ टिपून ठेवा. विमान निघाले असेल तरीही कळवा, कारण पुढच्या थांब्यावर ते तपासता येते आणि गरज पडल्यास त्याआधी उतरवता येते.

त्यानंतर संस्थेच्या घटना-नोंद यंत्रणेत अहवाल भरा. कोण चुकले यापेक्षा कशामुळे चुकणे सोपे झाले ते लिहा: दोन भागांचे क्रमांक सारखे दिसत होते का, प्रकाश अपुरा होता का, कार्डावर दोन बाजू एकाच ओळीत होत्या का, हँडओव्हर कोणी कोणाला आणि केव्हा दिले. वेळेवर पकडली गेलेली आणि काहीही नुकसान न झालेली चूकसुद्धा कळवा. तुमचा अहवाल वाचून कार्डाचा नमुना बदलला, किंवा दोन सारखे दिसणारे भाग वेगळ्या कप्प्यांत गेले, तर ती चूक पुढच्या पाळीतल्या अनोळखी सहकाऱ्यासाठी अवघड झालेली असते.